दिलेला सूर परत मागावा काय?

भाडे थकले की वखारीतला माल लिलावात निघावा, हा व्यवहाराचा क्रम न्यायालयात वावरणाऱ्यांना नवा नाही. १९८६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात असाच एक लिलाव झाला. बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनिमुद्रण करणाऱ्या विदुषीने जागा भाड्याने घेऊन ठेवलेला आपला संग्रह दिवस पालटल्यामुळे सोडवता आला नाही, आणि तो बोलीवर चढला. बोली करणाऱ्यांना माल मिळाला, जागेच्या मालकाची बाकी फिटली, कायद्याचे समाधान झाले. पण माल कोणता? हजाराहून अधिक ध्वनिफिती, आणि त्यांवर मुख्यतः ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाच्या प्रत्यक्ष मैफली. फिती घेणाऱ्याने नेमके काय विकत घेतले? चकती त्याची झाली, फीत त्याची झाली, पेटीही त्याचीच झाली, याविषयी वाद नाही. परंतु त्या फितीत साठलेली एका रात्रीची मैफल कोणाची? गाणाऱ्यांची, टिपून घेणारीची, त्या रात्री तिकीट काढून समोर उभे राहिलेल्यांची, की बोलीत वरचढ ठरलेल्याची?

प्रश्न वरवर पाहता हक्काचा आहे. आम्हांस मात्र तो दानाचा वाटतो, आणि दानाचा म्हणून त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

या वाद्यवृंदाचे नाव आमच्या कित्येक वाचकांना अपरिचित असेल. १९६५ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे जेरी गार्सिया, फिल लेश, बॉब वेअर, बिल क्रॉइट्झमन आणि रॉन मॅकर्नन हे तरुण एकत्र आले. मिकी हार्ट हे तालवादक १९६७ साली त्यांना मिळाले. उस्ताद अल्लारखाँ यांच्या तबल्याचा संस्कार या हार्टांवर झाला होता, आणि झाकिर हुसेन यांच्यासह त्यांनी वाजवलेली ‘दिगा’ ही तबकडी १९७६ साली निघाली. तेव्हा आपल्या ठेक्याला ही मंडळी सर्वस्वी परकी नव्हती. त्यांच्या वादनाची रीतही आपल्याला ओळखीची वाटावी अशीच होती. ‘डार्क स्टार’ ही त्यांची चीज १९६८ साली छोट्या तबकडीवर आली तेव्हा तीन मिनिटांच्या आत आटोपली. १९६९ च्या मैफलीच्या मुद्रणात तीच तेवीस मिनिटांहून अधिक चालली. मुखडा तेवढा ठरलेला, पुढचा विस्तार त्या रात्रीचा. आज वाजले ते उद्या वाजेलच असे नाही, आणि वाजले तरी तसेच वाजणार नाही. १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत त्यांनी सुमारे तेवीसशे मैफली केल्या. प्रत्येक मैफल वेगळी, म्हणून ती प्रत्येक हरवण्याजोगी.

या हरवण्याच्या भीतीतूनच श्रोत्यांनी ध्वनिमुद्रणाची यंत्रे आणली. आरंभी ती अंगरख्याखाली लपवून येत. १९७१ च्या सुमारास न्यूयॉर्ककडील काही रसिकांनी फितींची विनामूल्य देवघेव करणारे मंडळ काढले, आणि १९७४ साली त्यांतूनच ‘डेड रेलिक्स’ हे नियतकालिक निघाले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्याने ध्वनिमुद्रणाला संरक्षण दिले ते १५ फेब्रुवारी १९७२ पासून पुढे झालेल्या मुद्रणांना. म्हणजे ही रूढी रुजत होती तेव्हा कायदा अजून उंबरठ्यावरच होता.

कलावंतांनी काय केले? त्यांना हे थांबवता आले असते. त्यांनी थांबवले नाही. एकदा वाजवून झाले की ते ऐकणाऱ्यांचे, अशा आशयाचे उद्गार गार्सियांनी वेळोवेळी काढले. पुढे मुद्रकांची गर्दी इतकी वाढली की त्यांच्या उंच दांड्या आणि ध्वनिग्राहक यांचा इतरांना, खुद्द ध्वनियंत्रकालाही, अडथळा होऊ लागला. तेव्हा १९८४ च्या ऑक्टोबरात बर्कली येथील मैफलीपासून त्यांच्यासाठी ध्वनियंत्रकाच्या मागे स्वतंत्र जागा राखण्यात आली, आणि त्या जागेची तिकिटेही वेगळी ठेवण्यात आली. जे चोरून चालले होते ते उजळ माथ्याने चालू लागले. अट एकच: या फितींचा बाजार मांडू नये.

ही अट पाळली कशी गेली, ते पाहण्यासारखे आहे. नवा रसिक जुन्या रसिकाला पत्र लिही, सोबत कोऱ्या फिती आणि परतीच्या टपालाची तिकिटे पाठवी. तीन तासांच्या मैफलीला नव्वद मिनिटांच्या दोन फिती लागत. जुना रसिक रात्र खर्चून प्रत काढी आणि परत धाडी. प्रतीमागून प्रत निघे तसतशी खरखर वाढे, म्हणून ही प्रत मूळ फितीपासून कितव्या पिढीची आहे, हे वेष्टणावर प्रामाणिकपणे लिहावयाचे. तारीख, गाव, सभागृह, चिजांचा क्रम, ध्वनिग्राहक कोणत्या जातीचा, हेही लिहावयाचे. पोथी उतरून झाल्यावर शेवटी शक, तिथी आणि आपले नाव नोंदवणाऱ्या जुन्या लेखकांची आठवण व्हावी, असा हा परिपाठ. पैशाचा संबंध नाही. घेतलेल्या प्रतीची परतफेड देणाऱ्याकडे करावयाचीच नाही. पुढे जो अनोळखी मनुष्य मागत येईल त्याच्याकडे करावयाची.

आपल्याकडे ऋषिऋणाची कल्पना याहून वेगळी कोठे आहे? पितृऋण पितरांना पैसे देऊन फिटत नाही आणि ऋषिऋण ऋषींना दक्षिणा देऊन फिटत नाही. ते अध्ययनाने फिटते, आणि अध्ययनाची परंपरा पुढच्याच्या हाती दिल्याने चालते. हे ऋण मागे वळून फेडता येत नाही, पुढे पाहूनच फेडावे लागते. कॅलिफोर्नियातील लांब केसांच्या त्या तरुणांनी आमची धर्मसूत्रे वाचली होती, असे आम्हांस सुचवावयाचे नाही. मात्र जे टिकवावयाचे ते एकट्याने टिकत नाही, हे जेथे जेथे माणसांनी ओळखले, तेथे तेथे त्यांना हीच वाट सापडली, एवढे खरे.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो घेणारे पुष्कळ आहेत. ते म्हणतात, यात दान कसले? फुकट फितींनी या मंडळींची कीर्ती गावोगाव गेली, श्रोते वाढले, तिकिटे खपली. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत सर्वाधिक उत्पन्न देणाऱ्या दौऱ्यांत त्यांचे दौरे गणले जात. तेव्हा हे औदार्य म्हणजे व्यापाराची दूरदृष्टीच होय. आमच्या मते वस्तुस्थिती खरी असूनही हा निष्कर्ष चुकीचा आहे. दात्याला पुढे लाभ झाला म्हणून दान खोटे ठरत नाही. लाभ थांबताच जे दान मागे घेतले जाते, ते मात्र पहिल्यापासून जाहिरात होते की काय, अशी शंका घेण्यास जागा राहते. म्हणून दानाची परीक्षा लाभाच्या दिवसांत होतच नाही. ती लाभ सरल्यावर होते.

या मंडळींवर ती वेळ आली. ९ जुलै १९९५ रोजी शिकागो येथे त्यांची शेवटची मैफल झाली. ऑगस्टच्या ९ तारखेला गार्सिया वारले. आता नव्या मैफली नाहीत, तिकिटे नाहीत. उरले ते जुने मुद्रणच. त्याच्या विक्रीवर वादकांचे, मृत वादकांच्या कुटुंबीयांचे, सेवकवर्गाचे पोषण अवलंबून राहिले. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ नावाच्या सार्वजनिक संग्रहालयात तोवर त्यांच्या हजारो मैफली जमा झाल्या होत्या आणि कोणालाही त्यांची प्रत फुकट उतरवून घेता येत होती. २००५ च्या नोव्हेंबरात वाद्यवृंदाच्या वतीने ही सोय बंद करण्यात आली. श्रोत्यांत खळबळ उडाली; निषेधाच्या अर्जावर सह्या झाल्या, विकत मालावर बहिष्काराची भाषा झाली. खुद्द फिल लेश यांनीही या निर्णयात आपला हात नव्हता असे जाहीर केले. थोड्याच दिवसांत तडजोड निघाली. श्रोत्यांनी समोर बसून आपल्या यंत्रांवर टिपलेल्या मैफली पूर्ववत् उतरवून घेण्यास मोकळ्या झाल्या. वाद्यवृंदाच्या स्वतःच्या ध्वनियंत्रातून निघालेली मुद्रणे तेथे ऐकता यावीत, पण उतरवून घेता येऊ नयेत, असे ठरले.

आम्ही ही तडजोड प्रथम वाचली तेव्हा ती केवळ वेळ मारून नेणारी वाटली. पुन्हा विचार करता तिच्यात न्यायाचा एक अंश आहे, असे आमचे मत झाले. आमच्याकडे १८८२ चा सुविधाधिकारांचा कायदा आहे. जमिनीवर काही करण्याची नुसती परवानगी दिलेली असेल तर देणारा ती मागे घेऊ शकतो, असे त्याचे साठावे कलम सांगते. पण लगेच अपवादही सांगते: त्या परवानगीवर विसंबून घेणाऱ्याने पदरचा खर्च करून कायमच्या स्वरूपाचे काम उभे केले असेल, तर परवानगी मागे घेता येत नाही. कायदा जमिनीचा आहे. सुरांच्या त्या तंट्याला तो लागू नव्हता, आणि आम्ही तो तेथे लावू पाहत नाही. परंतु त्यामागील विवेक सर्वत्र लागू पडणारा आहे. ज्याने तीस वर्षे पदरचे पैसे मोडून यंत्रे आणली, पावसात उभे राहून फिती भरल्या, रात्री जागून प्रती काढल्या, त्याला तुम्ही म्हणालात ‘घ्या’, आणि त्या शब्दावर विसंबून त्याने घर बांधले. आता ‘घ्या’ हा शब्द परत घेतला, तर नुकसान फितीचे होत नाही. फीत त्याच्या घरी आहेच. नुकसान त्याच्या नावाचे होते. काल जो राखणदार होता तो आज चोर ठरतो, तोही स्वतः काहीच न करता.

आपल्या स्मृतिकारांनी विवादाची जी अठरा पदे सांगितली, त्यांत ‘दत्तस्यानपकर्म’ हे एक स्वतंत्र पद आहे. दिलेले परत घेण्याचा तंटा इतका जुना आहे. त्याच परंपरेत दान आणि उत्सर्ग यांतला भेदही सांगितला आहे. दानाला घेणारा ठराविक असतो: ही गाय अमक्याला. उत्सर्गाला घेणारा ठरलेला नसतो: हे तळे सर्वभूतांना. तळ्याचा उत्सर्ग केलेल्या यजमानाला पुढे त्याचे पाणी घेता येते, पण मालक म्हणून नव्हे, सर्वांतला एक म्हणून, असे निबंधकार सांगतात. आमच्या देवळांपुढील तळ्या ज्यांनी बांधल्या त्यांची नावे कित्येक ठिकाणी आज कोणास ठाऊक नाहीत. पाणी मात्र आहे. कलावंताने सर्वांपुढे वाजवून ‘आता हे तुमचे’ म्हणणे, हा आमच्या मते उत्सर्ग होय. त्यानंतर त्याने आपल्या घरच्या विहिरीला कुलूप घालावे, त्याबद्दल कोणी शब्द काढू नये. पण तळीला कुंपण घालू नये. २००५ च्या तडजोडीने नकळत हीच रेघ ओढली.

तर मग कलावंताला स्वातंत्र्य उरले कोठे? ते देण्यापूर्वी आहे, आणि तेथे ते संपूर्ण आहे. याचे उदाहरण शोधावयास गोमंतकीयांना दूर जावे लागत नाही. फोंडा तालुक्यातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांच्या तबकड्या निघाल्या. पण मैफलीत कोणी यंत्र लावू नये याविषयीचा त्यांचा कटाक्ष जाणकारांत प्रसिद्ध आहे. आपले गाणे हलक्या हाती जाऊ नये, ही त्यामागची भावना. ज्या १९७७ साली ग्रेटफुल डेडची एक सर्वांत नावाजलेली मैफल झाली, त्याच साली व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीत केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी पृथ्वी सोडून गेली, आणि त्याच वर्षी केसरबाईही गेल्या. जे त्यांनी दिले होते ते आज ग्रहमालेच्या पलीकडे चालले आहे. जे त्यांनी दिले नाही, त्यावर आमचा कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. आमची तळमळ हा काही दस्तऐवज नव्हे. गार्सियांचे ‘घ्या’ आणि केसरबाईंचे ‘नाही’ ही दोन्ही सारखीच पवित्र आहेत, कारण दोन्ही वेळेवर उच्चारलेली आहेत. अधर्म आहे तो नंतरच्या पालटण्यात.

घेणाऱ्याचाही धर्म आहे, तो विसरून चालणार नाही. तळीचे पाणी सर्वांचे म्हणून घागरी भरून वाटेवर विकावयास बसणे, हा उत्सर्गाचा अपमान होय. फितींच्या चोरट्या तबकड्या काढून विकणारे निघाले, तेव्हा त्यांना सर्वांत तीव्र विरोध देवघेव करणाऱ्या रसिकांनीच केला, आणि तो योग्य होता. दुसरे असे की, जे टिपले जाते त्यांत कलावंताच्या वाईट रात्रीही असतात. या वाद्यवृंदाचे जीवन सर्वथा अनुकरणीय होते असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. त्यांचा उदय एल.एस.डी. या द्रव्याच्या मेळाव्यांत झाला, आणि ते द्रव्य कॅलिफोर्नियात १९६६ साली निषिद्ध ठरले. मॅकर्नन १९७३ साली मद्याने पोखरलेल्या देहाने वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी गेले. गार्सिया त्रेपन्नाव्या वर्षी व्यसनमुक्तीच्या आश्रयस्थानात वारले. शेवटच्या वर्षांतील मुद्रणांत त्यांचा हात चुकतो, शब्द विसरतात, हे ऐकू येते. अशा फिती जपणाऱ्याने त्या कशासाठी जपाव्यात? थट्टेसाठी नव्हे. ज्याने आपली चांगली रात्र आपल्याला दिली, त्याची पडती रात्रही आपल्या विश्वासावर सोडली आहे, या जाणिवेने जपाव्यात. राखणदाराच्या हाती घरमालकाची उणी वस्तूही असते. तो ती चव्हाट्यावर मांडत नाही.

हा सगळा विचार दूरदेशीचा वाटेल, पण तो आमच्या सभामंडपात येऊन बसला आहे. उत्सवात कीर्तनकार उभे राहिले, की पहिल्या नमनालाच दहा हात वर होतात आणि प्रत्येक हातात फोन असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने प्रयोग करणाऱ्या कलाकाराचा स्वतंत्र हक्क मानला, आणि स्वतःच्या खासगी उपयोगापुरते केलेले मुद्रण त्या हक्काचा भंग नव्हे, असेही म्हटले. घरी नेऊन वृद्ध आईला ऐकवण्यास आडकाठी नाही. पण चारचौघांत वाटण्यापूर्वी बुवांना विचारले होते काय? आणि बुवांनी एकदा मोकळ्या मनाने ‘न्या’ म्हटल्यावर, पुढे कोणी बिदागी वाढवून दिली म्हणून ते शब्द फिरवतील काय? विचारणे हे आमचे काम, न फिरणे हे त्यांचे. कायदा या दोन्ही ठिकाणी फार उशिरा पोहोचतो.

आरंभीच्या लिलावाकडे परत येऊ. त्या फिती घेणाऱ्यांपैकी काहींनी त्या कुजू दिल्या नाहीत. त्यांच्या प्रती रसिकांत गेल्या. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेल्या मैफलीचे बेटीबाईंनी केलेले मुद्रण अशाच प्रतींनी घरोघर पोहोचले, अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०११ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत त्या मैफलीची निवड केली, आणि ते अधिकृतपणे विक्रीस आले ते २०१७ साली. चाळीस वर्षे ज्यांनी ते सांभाळले, त्यांच्यापाशी मालकीचा एकही कागद नव्हता.

‘ग्रेटफुल डेड’ हे नाव गार्सियांना १९६५ साली एका शब्दकोशात सापडले. ते एका जुन्या लोककथाप्रकाराचे नाव आहे. एक वाटसरू एका गावी येतो. तेथे एक प्रेत बेवारस पडलेले असते, कारण मेलेल्याचे कर्ज फिटल्याशिवाय सावकार त्याला मूठमाती देऊ देत नाहीत. वाटसरू आपली शेवटची पुंजी देऊन ते कर्ज फेडतो, अंत्यविधी करतो आणि पुढे चालू लागतो. त्याने कोणाकडून पावती घेतलेली नसते. पुढे वाटेत त्याच्यावर संकट येते तेव्हा एक अनोळखी सोबती त्याला सोडवतो. तो त्याच मृताचा आत्मा असतो.

ज्यांनी ते सूर दिले त्यांतले बरेच आज हयात नाहीत. त्यांचे देणे आता ज्यांच्या हाती आहे त्यांनीच पुढे द्यावयाचे आहे.